नेटवर्कचे थर: ओएसआय आणि टीसीपी/आयपीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेटवर्किंग शिकवायला लागल्यापासून एक वाक्य सतत कानावर येतं: "सातही थर पाठ आहेत, पण कळलेत असं वाटत नाही." ओएसआय आणि टीसीपी/आयपी ही नेटवर्कचं काम थरांत वाटून दाखवणारी दोन मॉडेलं, आणि हे सात थर ओएसआयचे. यात शिकणाऱ्याचा दोष नसतो. थर म्हणजे नावांची यादी म्हणून शिकवले, की यादीच तेवढी लक्षात राहते. माझ्या मते थर हा शेजाऱ्याशेजाऱ्यांमधला करार आहे. खालचा थर वरच्याला काय द्यायचं कबूल करतो आणि काय कबूल करत नाही, एवढं प्रत्येक ठिकाणी विचारलं की बराच गुंता सुटतो. खालचे प्रश्न विद्यार्थ्यांनी आणि नव्या सहकाऱ्यांनी वेळोवेळी विचारलेले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे खरोखर सांगण्यासारखं आहे.

थर पाडायची गरजच काय होती? सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये केलं असतं तर काय बिघडलं असतं?

सुरुवातीला बरंचसं तसंच होतं. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडण्याची रचना मांडली, तेव्हा पॅकेट, म्हणजे डेटाचा लहानसा तुकडा, योग्य मशीनपर्यंत नेणं, हरवलेलं पुन्हा मागवणं, आलेल्यांचा क्रम लावणं ही सगळी कामं टीसीपी या एकट्या प्रोटोकॉलच्या, म्हणजे बोलण्याच्या ठरलेल्या नियमांच्या, गळ्यात होती.

अडचण आली ती आवाज पाठवण्याच्या प्रयोगांत. बोलण्याचा एखादा तुकडा हरवला तर ऐकणाऱ्याला क्षणभर खरखर ऐकू येते आणि ते चालून जातं. पण टीसीपी हरवलेला तुकडा परत आल्याशिवाय पुढचं काहीच हाती देत नाही. म्हणजे एका तुकड्यापायी सगळं संभाषण अडून बसतं. म्हणून १९७८ मध्ये टीसीपीचे दोन भाग करायचं ठरलं. आयपीने फक्त पॅकेट पुढे न्यायचं, पोचेलच अशी हमी द्यायची नाही. टीसीपीने आयपीच्या वर बसून हमी द्यायची. ज्याला हमीपेक्षा वेळ महत्त्वाचा, त्याच्यासाठी १९८० मध्ये यूडीपी आला.

थरांचं मर्म मला या गोष्टीत सगळ्यात स्पष्ट दिसतं. कागदावर सुबक चौकटी आखाव्यात म्हणून कुणी टीसीपी फोडला नाही. दोन कामांच्या गरजा वेगळ्या होत्या आणि एकाची हमी दुसऱ्याच्या मुळावर येत होती, म्हणून तो फोडला.

दुसरा फायदा हिशेबाचा आहे. समजा वीस प्रकारची ॲप आहेत आणि पाच प्रकारची माध्यमं: तांब्याची केबल, फायबर, वायफाय, मोबाइल, उपग्रह. प्रत्येक ॲपने प्रत्येक माध्यमाशी थेट बोलायचं म्हटलं तर शंभर जोडण्या लिहाव्या लागतील. मध्ये आयपी ठेवला की पंचवीस पुरतात. उद्या सहावं माध्यम आलं तर विसातल्या एकाही ॲपला हात लावावा लागत नाही.

सात थर नेमके कोणते? प्रत्येकाचं काम थोडक्यात सांगाल?

खालून सुरू करतो. पहिला फिजिकल: तारेतला विजेचा, फायबरमधला प्रकाशाचा किंवा हवेतला रेडिओचा संकेत, आणि त्यातून शून्य-एक कसे ओळखायचे ते. दुसरा डेटा लिंक: एकाच तारेवर किंवा एकाच वायफायवर असलेल्या दोन मशीनमध्ये फ्रेम, म्हणजे या थराचं पाकीट, पोचवणं. ईथरनेट आणि वायफाय या दोन थरांत मोडतात. तिसरा नेटवर्क: अनेक लिंक पार करून, जगाच्या या टोकाच्या मशीनपासून त्या टोकाच्या मशीनपर्यंत पॅकेट नेणं. इथे आयपी आणि राउटर, म्हणजे पॅकेटची पुढची वाट ठरवणारं यंत्र. चौथा ट्रान्सपोर्ट: मशीनपर्यंत आलेला डेटा त्या मशीनवरच्या नेमक्या कुठल्या प्रोग्रॅमचा आहे हे पोर्ट क्रमांकावरून ठरवणं, आणि हवी असेल तर हमी देणं. पाचवा सेशन, सहावा प्रेझेंटेशन. यांच्याबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे. सातवा ॲप्लिकेशन: वेब पानांसाठी एचटीटीपी, साइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधणारा डीएनएस, ईमेलचे प्रोटोकॉल.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ब्राउझर म्हणजे सातवा थर नव्हे. ब्राउझर सर्व्हरशी ज्या भाषेत बोलतो ती एचटीटीपी सातव्या थरात येते. बटणं, खिडक्या, चित्रं यांचा या मॉडेलशी संबंध नाही.

मग टीसीपी/आयपीचे थर चार की पाच?

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पुस्तक कुठलं त्यावर अवलंबून. इंटरनेटच्या यजमान मशीनसाठीचे नियम सांगणारा आरएफसी ११२२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) ऑक्टोबर १९८९ मध्ये निघाला, त्यात चार आहेत: लिंक, इंटरनेट, ट्रान्सपोर्ट, ॲप्लिकेशन. पाठ्यपुस्तकं बहुधा लिंकचे दोन भाग करून फिजिकल वेगळा काढतात, मग पाच होतात. मी शिकवताना पाच घेतो, कारण केबल तुटणं आणि स्विच चुकीचा लावणं हे बिघाड इतके वेगळे आहेत की त्यांना एका खणात कोंबणं मला पटत नाही.

ओएसआय प्रत्यक्षात कुणी वापरत नाही म्हणतात. मग ते आलं कुठून आणि आजही का शिकवतात?

सत्तरच्या दशकात प्रत्येक मोठ्या संगणक कंपनीची स्वतःची नेटवर्क रचना होती आणि एकीची यंत्रं दुसरीच्या यंत्रांशी बोलत नव्हती. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजे आयएसओने, १९७७ मध्ये यावर काम सुरू केलं. फ्रान्सचे ह्यूबर्ट झिमरमन आणि अमेरिकेचे चार्ल्स बाखमन ही त्यातली ठळक नावं. आयएसओ ७४९८ हे मानक १९८४ मध्ये प्रसिद्ध झालं.

तोवर बरंच पाणी वाहून गेलं होतं. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वज नेटवर्क, टीसीपी/आयपीवर गेलं होतं आणि चालत होतं. ओएसआयचे प्रोटोकॉल समित्यांमध्ये घडत होते, टीसीपी/आयपीचा कोड विद्यापीठांत फुकट मिळत होता. अमेरिकी सरकारने १९९० पासून आपल्या खरेदीत ओएसआयची सक्ती केली, तरीही पारडं फिरलं नाही आणि पुढे ती सक्ती मागे घ्यावी लागली.

पण "ओएसआय मेलं" हे खरं नाही. ओएसआयच्या कुटुंबातला आयएस-आयएस हा राउटिंग प्रोटोकॉल आज मोठमोठ्या इंटरनेट सेवादारांच्या नेटवर्कमध्ये धावतो आहे. काही ब्राउझरमध्ये सुरक्षित साइटला कुलपाचं चिन्ह दिसतं, त्यामागचं प्रमाणपत्र एक्स.५०९ पद्धतीचं असतं, आणि ती पद्धतही त्याच परंपरेतून आली. शिवाय ओएसआयने धंद्याला बोली दिली. "लेयर टू स्विच", "लेयर थ्रीचा प्रॉब्लेम", "लेयर सेव्हन फायरवॉल" हे शब्द कुणीही समजावून न सांगता समोरच्याला कळतात. मॉडेलने याहून जास्त काय करायचं असतं?

एन्कॅप्सुलेशन म्हणजे पाकिटात पाकीट, एवढं कळलं. प्रत्यक्षात ते कसं दिसतं?

प्रत्यक्षच बघू. ब्राउझरने कुलूप नसलेल्या साध्या एचटीटीपीवर एक पान मागितलं. तारेवर गेलेल्या त्या एका फ्रेमच्या बाइट एकामागून एक वाचत जाऊ. बाइट हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहितात हे ध्यानात ठेवा.

पहिल्या सहा बाइट: फ्रेम कुणाला, तो मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता. पुढच्या सहा: कुणाकडून, तो मॅक पत्ता. मग दोन बाइट येतात, ०८ ००. ही ईथरनेटची चिठ्ठी आहे: "माझ्या पोटात आयपीची चौथी आवृत्ती आहे." इथे ०८ ०६ असतं तर पोटात एआरपी हा दुसरा प्रोटोकॉल असता. चौदा बाइट झाल्या, दुसरा थर संपला.

पंधरावी बाइट ४५. यातला ४ म्हणजे आवृत्ती चार, आणि ५ म्हणजे आयपीचं हेडर चार-चार बाइटच्या पाच ओळींचं, एकूण वीस बाइट. तेविसावी बाइट ४०, हा टीटीएल, म्हणजे पॅकेट अजून किती राउटर पार करू शकतं तो आकडा. हेक्समधला ४० म्हणजे आपला ६४. लगेच पुढची चोविसावी बाइट ०६. ही आयपीची चिठ्ठी: "माझ्या पोटात टीसीपी आहे." यूडीपी असता तर आपल्या हिशेबाने १७ असतं, नेटवर्कचे निरोप नेणारा आयसीएमपी असता तर १. मग शेवटी पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता, प्रत्येकी चार बाइट. तिसरा थर संपला.

पस्तिसाव्या बाइटपासून टीसीपी. पहिल्या दोन बाइट पाठवणाऱ्याचा पोर्ट, पुढच्या दोन ०० ५०. हेक्समधला ५० म्हणजे ८०, वेब सर्व्हरचा ठरलेला पोर्ट. मग क्रमांक, पोच, वगैरे. आणि हेडर संपल्यावर ४७ ४५ ५४. ही तीन इंग्रजी अक्षरं आहेत: जी, ई, टी. ब्राउझरची मागणी इथून सुरू झाली.

गंमत बघा. प्रत्येक हेडरमध्ये पुढचं पाकीट कुणी उघडायचं एवढीच एक खूण आहे. ईथरनेटला ८० पोर्ट माहीत नाही, आयपीला जीईटी माहीत नाही, टीसीपीला मॅक पत्ता दिसतच नाही. हे अज्ञान मुद्दाम ठेवलेलं आहे. ज्याला जे ठाऊक नाही, ते बदललं तरी त्याचं काही अडत नाही.

१०० मेगाबिटच्या जोडणीवर फाइल उतरवताना वेग ९४-९५ च्या वर का जात नाही?

कारण पाकिटांचंही वजन भरावं लागतं. ईथरनेटच्या एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त १५०० बाइट मावतात. त्यातल्या २० आयपीच्या, किमान २० टीसीपीच्या. राहिल्या १४६०. बाहेरून ईथरनेटचं १४ बाइटचं हेडर, शेवटी ४ बाइटची तपासणी, आधी ८ बाइटची सूचना आणि दोन फ्रेममध्ये १२ बाइटइतकी सक्तीची शांतता. म्हणजे १४६० बाइट पोचवायला तारेवर १५३८ बाइटचा वेळ जातो. भागाकार करा, ९४.९ टक्के येतात. टीसीपीने हेडरमध्ये वेळेची नोंद जोडली, आणि बहुतेक वेळा तो जोडतोच, तर १२ बाइट आणखी कमी होऊन आकडा ९४.१ वर येतो. तुमच्या सेवादाराने काही कापलेलं नाही.

प्रत्येक मशीनला मॅक पत्ता असतोच, मग आयपी पत्ता वेगळा कशाला?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो विचारणारा खरोखर विचार करत असतो.

मॅक पत्ता ४८ बिटचा. नेटवर्क कार्ड बनवतानाच तो बहुधा दिलेला असतो आणि त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून कार्ड कुणी बनवलं ते कळतं. पण मशीन *कुठे आहे* हे त्यावरून मुळीच कळत नाही. शेजारशेजारच्या दोन मशीनचे मॅक पत्ते अगदी भिन्न असू शकतात. जगभरातल्या यंत्रांपर्यंत मॅकवरून वाट काढायची तर प्रत्येक राउटरला प्रत्येक यंत्राची वेगळी नोंद ठेवावी लागेल. ते अशक्य आहे.

आयपी पत्ता जागेवरून मिळतो. एका नेटवर्कमधल्या सगळ्यांची सुरुवात सारखी असते, त्यामुळे राउटर हजारो मशीनसाठी एकच नोंद ठेवतो: "या सुरुवातीचे सगळे त्या दिशेला." म्हणून लॅपटॉप दुसऱ्या वायफायवर नेला की आयपी बदलतो. कार्डाचा मॅक तोच राहतो, मात्र आजचे फोन आणि लॅपटॉप खासगीपणासाठी वायफायवर मुद्दाम तात्पुरते मॅक वापरतात, तेवढा अपवाद धरा.

आता दोन्ही एकत्र कसे चालतात ते बघा. पॅकेटवर शेवटच्या सर्व्हरचा आयपी असतो, पण तुमच्या मशीनमधून निघालेल्या फ्रेमवर मॅक असतो तो पहिल्या राउटरचा. राउटर फ्रेम फोडतो आणि फेकून देतो. आतलं पॅकेट बघतो, टीटीएल एकने कमी करतो, पुढची वाट ठरवतो आणि नवी फ्रेम बांधतो. त्या फ्रेमवर मॅक पत्ते नवे. असं प्रत्येक टप्प्यावर. मध्ये नॅट, म्हणजे वाटेत आयपी पत्ते बदलणारी सोय, नसेल तर आयपी पत्ते शेवटपर्यंत तेच राहतात, मॅक मात्र दर टप्प्याला बदलतात. तुमचा मॅक पत्ता दूरच्या वेबसाइटला दिसतो का, याचं उत्तर इथेच मिळालं: फ्रेमबरोबर तो पहिल्या राउटरपाशीच संपला.

हब, स्विच, राउटर: कोण कुठल्या थरावर?

हब पहिल्या, स्विच दुसऱ्या, राउटर तिसऱ्या. हब आलेला संकेत सगळीकडे ओततो, स्विच मॅक बघतो, राउटर आयपी बघतो. "लेयर थ्री स्विच" म्हणजे राउटिंगही करणारा स्विच. लोड बॅलन्सर, म्हणजे अनेक सर्व्हरमध्ये मागण्या वाटणारं यंत्र, चौथ्या थरावरचा असेल तर पत्ते आणि पोर्ट बघून वाटप करतो, सातव्या थरावरचा असेल तर मागणी उघडून वाचतो.

ईथरनेट प्रत्येक फ्रेम तपासतं. मग टीसीपीने पुन्हा वर तपासायची काय गरज?

ईथरनेटची तपासणी एका लिंकपुरती असते. फ्रेम राउटरमध्ये सुखरूप आली, राउटरने ती फोडली, पॅकेट आपल्या मेमरीत ठेवलं आणि तिथेच एखादा बिट उलटला तर? पुढच्या फ्रेमची तपासणी त्या बिघडलेल्या पॅकेटवर नव्याने काढली जाते आणि ती तंतोतंत जुळते. प्रत्येक कडी शाबूत, साखळीतून आलेला माल नासका.

जेरोम सॉल्ट्झर, डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा युक्तिवाद नीट मांडला: खरी खात्री दोन टोकंच करू शकतात, मधल्यांनी केलेली तपासणी वेग वाढवायला उपयोगी पडते, पण टोकांची सुट्टी करत नाही. इंटरनेटचा गाभा साधा आणि टोकं हुशार, ही रचना याच विचारावर उभी आहे. आयपीच्या सहाव्या आवृत्तीने तर हेडरची स्वतःची तपासणीच काढून टाकली. वर आणि खाली दोघे करतात, मध्ये कशाला!

वायफाय मात्र हरवलेली फ्रेम स्वतःच पुन्हा पाठवतं, आणि त्याला कारण आहे. जुन्या धाटणीचा टीसीपी हरवलेलं पॅकेट म्हणजे पुढे गर्दी आहे असं समजून वेग कमी करतो. हवेत पॅकेट गर्दीशिवायही हरवतात. वायफायने गुपचूप सावरलं नाही, तर वरचा टीसीपी विनाकारण दबकून चालेल.

सेशन आणि प्रेझेंटेशन हे थर दिसत का नाहीत?

त्यांची कामं आहेत, वेगळे थर म्हणून नाहीत. लॉगिन टिकवून ठेवणं हे आज वेब ॲप कुकी वापरून करतं. मजकूर कुठल्या लिपी-संकेतात आहे, दाबून लहान केलेला (कॉम्प्रेस्ड) आहे का, हे एचटीटीपी स्वतःच्या हेडरमध्ये सांगतं. प्रत्येक ॲपच्या गरजा इतक्या निराळ्या निघाल्या की एकच सामायिक थर कुणालाच धड बसला नाही. इंटरनेटवाल्यांनी ही कामं ॲप्लिकेशनवर सोपवली, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो.

टीएलएस कुठल्या थरात?

टीएलएस म्हणजे मजकूर कुलूपबंद करणारा प्रोटोकॉल. तो टीसीपीच्या वर, एचटीटीपीच्या खाली. क्रमांकच हवा असेल तर कुणी पाच म्हणतं, कुणी सहा, आणि दोघांचीही ओढाताण होते. मी नंबर न देता जागा सांगतो. त्या जागेतूनच कामाची माहिती मिळते: टीएलएस टीसीपीच्या वर असल्याने वाटेवरच्या कुणालाही आयपी पत्ते आणि पोर्ट उघडे दिसतात, पानाचा मजकूर दिसत नाही.

एआरपी, आयसीएमपी, बीजीपी यांना कुठे बसवायचं?

एआरपी थेट ईथरनेटवर बसतो, पण काम करतो आयपी पत्त्यावरून मॅक शोधण्याचं. तो दोन आणि तीनच्या मधला सांधा आहे. आयसीएमपी आयपीच्या पोटात जातो तरी त्याला आयपीचाच भाग मानतात. बीजीपी सगळ्या इंटरनेटची वाट ठरवतो, म्हणून तिसरा वाटेल, पण धावतो टीसीपीच्या १७९ पोर्टवर, एखाद्या साध्या ॲपसारखा. कुणावर बसतो हा एक प्रश्न आणि कुणासाठी काम करतो हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळी आली की माणसं वाद घालत बसतात.

थरांचा नियम मोडला तर काय होतं?

बहुधा काही वर्षं काही होत नाही आणि मग कुणीतरी तिसराच त्रास भोगतो. फाइल पाठवण्याचा जुना प्रोटोकॉल एफटीपी हे ठळक उदाहरण. त्याच्या जुन्या पद्धतीत क्लायंट स्वतःचा आयपी पत्ता आणि पोर्ट मजकुरात लिहून पाठवतो: "मला इथे जोड." सातव्या थराने तिसऱ्या थराची गोष्ट आपल्या पत्रात लिहिली. पुढे नॅट आलं. नॅट पॅकेटच्या हेडरमधला पत्ता बदलतं, पण पत्राच्या आतला पत्ता खाजगीच राहतो. सर्व्हर त्या पत्त्यावर जोडायला जातो आणि तिथे कुणीच नसतं. मग राउटरवाल्यांना एफटीपीचं पत्र उघडून आतला पत्ता खोडायची सोय करावी लागली. पत्र टीएलएसमध्ये बंद केलं की तीही सोय गेली.

नॅट स्वतःही सरळमार्गी नाही. तिसऱ्या थरावरचं यंत्र चौथ्या थरातले पोर्ट बदलतं. पण चौथ्या आवृत्तीचे ३२ बिटचे पत्ते पुरत नव्हते, आणि त्या सोयीशिवाय इंटरनेट इतकं वाढलं नसतं. करार मोडायचा तर किंमत कोण देणार आहे ते आधी बघावं, एवढंच माझं म्हणणं.

क्विक आल्यावर थरांची कल्पना जुनी झाली का?

क्विकचं मानक मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० म्हणून आलं, आणि त्यावर चालणारा एचटीटीपी/३ जून २०२२ मध्ये. क्विक यूडीपीवर बसतो, हमी आणि क्रम स्वतः सांभाळतो आणि टीएलएस पोटातच घेतो. टीसीपीत एक तुकडा हरवला की मागचं सगळं थांबतं. क्विकमध्ये एकाच जोडणीत अनेक प्रवाह असतात आणि ज्याचा तुकडा हरवला तोच थांबतो. आवाजाच्या प्रयोगांतली तक्रार आठवा, चाळीस वर्षांनी तीच पुन्हा समोर आली.

क्विक थेट आयपीवर का नाही बसवला? कारण वाटेतली असंख्य राउटर आणि फायरवॉल टीसीपी आणि यूडीपी सोडून तिसरं काही आलं की टाकून देतात. ज्या यंत्रांनी चौथ्या थरात डोकावायलाच नको होतं, त्यांनी तो गोठवून टाकला. तेव्हा थर संपलेले नाहीत. त्यांच्यातल्या रेषा सरकल्या आहेत.

नेट अडल्यावर या सगळ्याचा उपयोग काय?

एक प्रसंग सांगतो. एका कार्यालयात तक्रार अशी होती: एका सर्व्हरचं लॉगिनचं पान उघडतं, पासवर्ड चालतो, पण आतली मोठी यादी उघडायला गेलं की पांढरा पडदा. पिंग, म्हणजे सर्व्हरला हाक मारून उत्तराची वाट बघणारं पॅकेट, व्यवस्थित, म्हणून नेटवर्कवाले म्हणत होते ॲप बिघडलंय. ॲपवाले म्हणत होते बाकी सगळीकडून उघडतं. दोघंही आपापल्या थरापुरते खरे होते आणि तीन दिवस गेले.

मी खालून सुरुवात केली. केबल ठीक, दिवा लागलेला, आयपी मिळालेला, वाट आहे. लहान गोष्टी जातात, मोठ्या अडतात, हा एकच धागा हाताला लागला. पिंगचं पॅकेट चिमुकलं असतं, म्हणून ते मोठं करून पाहिलं आणि "तुकडे करू नका" ही खूण लावली. १४७२ बाइट: गेलं नाही. आठ-आठने उतरायचं ठरवलं होतं, पहिल्याच पायरीवर, १४६४ ला, उत्तर आलं. १४६४ मध्ये आयसीएमपीच्या ८ आणि आयपीच्या २० मिळवा, १४९२ होतात. १५०० ला आठ कमी. हे आठ पीपीपीओईचे, म्हणजे त्या कार्यालयाची इंटरनेट जोडणी ज्या पाकिटातून येत होती त्याचं हेडर.

सर्व्हर १५०० बाइटची पॅकेट पाठवत होता. ती शेवटच्या टप्प्यात मावत नव्हती. तिथला राउटर रीतसर कळवत होता: "लहान कर." पण हा निरोप आयसीएमपीने जातो, आणि सर्व्हरच्या बाजूच्या फायरवॉलमध्ये कुणीतरी पिंग सोडून सगळं आयसीएमपी बंद करून ठेवलं होतं. निरोप दारातच मरत होता, सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत होता.

आता थर मोजा. कारण दुसऱ्या थरात, अडवलेला निरोप तिसऱ्याचा, लक्षण सातव्यात. आणि त्या दिवशीचा उपाय केला चौथ्यात: कार्यालयाच्या राउटरवर टीसीपीचा सर्वांत मोठा तुकडा १४५२ वर बांधला. यादी लगेच उघडली. आयसीएमपीचा निरोप नंतर सर्व्हरच्या बाजूने मोकळा करून घेतला.

नेहमी खालूनच सुरुवात करायची का?

नाही. एकच साइट उघडत नसेल आणि बाकी सगळं चालत असेल, तर केबल तपासण्यात अर्थ नाही. वरून खाली या, आधी डीएनएस बघा. काहीच चालत नसेल तर खालून वर जा. अंदाजच नसेल तर मध्ये, तिसऱ्या थरावर पिंग करा. उत्तर आलं तर त्या वाटेने निदान लहान पॅकेट जातात. उत्तर आलं नाही म्हणून लगेच खालचं बिघडलंय असं मात्र म्हणू नका, कारण पिंग मुद्दाम बंद ठेवणारेही बरेच असतात.

थर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे आहेत. कसे?

वायरशार्क हा मोफत प्रोग्रॅम घ्या आणि फक्त स्वतःच्या मशीनवरची किंवा परवानगी असलेल्या नेटवर्कवरची पॅकेट पकडा. पकड सुरू करा, एखादी वेबसाइट उघडा, पकड थांबवा. एका पॅकेटवर टिचकी मारली की तपशिलाच्या चौकटीत ईथरनेट, आयपी, टीसीपी अशा ओळी एकाखाली एक उलगडतात आणि दुसऱ्या चौकटीत कच्च्या बाइट दिसतात. वर सांगितलेली ०८ ०० शोधा. ४५ शोधा. वायफायवर असलात तरी बहुतेक वेळा ईथरनेटच दिसेल, कारण संगणकाची प्रणाली वायफायची फ्रेम त्या रूपात बदलून देते.

मग सर्व्हरकडून आलेलं एक पॅकेट उघडून टीटीएल बघा. यंत्रं बहुधा ६४, १२८ किंवा २५५ पासून मोजायला सुरुवात करतात. तुम्हाला ५३ दिसला, तर सर्व्हरने ६४ लिहून पाठवलं असणार आणि वाटेत अकरा राउटरांनी एकेक कमी केला. त्या अकरांपैकी प्रत्येकाने तुमच्या पॅकेटची जुनी फ्रेम फोडली आणि नवी बांधली, आतलं पत्र न वाचता.